जातीची हद्द

घोडी आणि गाढव यांच्या संकरातून जन्मणारे खेचर ओझे वाहण्यात कोणाला हार जाणारे नसले, तरी त्याचा वंश सहसा पुढे चालत नाही, आणि नेमक्या या वांझपणाच्या दाखल्यावरच घोडा व गाढव या दोन भिन्न जाती ठरतात; कारण अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या व्याख्येनुसार निसर्गात परस्परांशी संकर करून प्रजननक्षम संतती निर्माण करणाऱ्यांचीच एक जाती होते. व्याख्या सुबक खरी, परंतु निसर्गाने तिच्यावर सही केलेली नाही: द्विभाजनाने वाढणाऱ्या जिवाणूंना ती लागूच पडत नाही.

नवी जाती बहुधा डोंगर वा समुद्र आडवा आल्याने, सहस्रावधी वर्षांच्या विभक्तपणातून निपजते. परंतु गॅलापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावर पीटर व रोझमेरी ग्रँट या दांपत्याने फिंच पक्ष्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचे जणू दप्तरच ठेवले होते, म्हणून एक विलक्षण प्रकार नजरेस आला. १९८१ मध्ये शंभराहून अधिक किलोमीटरांवरच्या एस्पान्योला बेटावरून आलेल्या एका परक्या नराने तेथील मादीशी जोडी जमवली. त्याची चोच थोराड, गाणे निराळे. मुलगे बापाचेच गाणे शिकले, त्या सुरांना स्थानिक माद्या भुलेनात, आणि दुसऱ्या पिढीपासून घराण्याच्या सोयरिकी घरातच होऊ लागल्या. पुढे दुष्काळात अवघे एक भाऊ-बहीण उरले. त्यांच्यापासूनच वंश पुन्हा वाढला. संशोधक त्याला ‘बिग बर्ड’ म्हणतात; शास्त्रीय नाव मात्र त्याला अद्याप मिळालेले नाही.