केमोच्या दिवसांतली झोप आणि शेजारचं घोरणं

कर्करोगाचे उपचार चालू असताना झोप लागत नाही, ही तक्रार बहुतेक घरांत सगळ्यात शेवटी सांगितली जाते. ओपीडीत डॉक्टरांसमोर मिळतात ती मोजकी मिनिटं. त्यात उलट्या, ताप, रक्ताचे रिपोर्ट, पुढच्या सायकलची तारीख. झोपेचा विषय निघेपर्यंत पुढच्या पेशंटचं नाव पुकारलेलं असतं. आणि शेजारी नवरा घोरतो, ही डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे असं तर कुणाच्या मनातही येत नाही.

पण ती सांगायला हवी. कॅनडातल्या क्विबेकमध्ये जोसे सावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, शस्त्रक्रियेच्या सुमारास निम्म्याहून अधिक कर्करुग्णांमध्ये निद्रानाशाची लक्षणं आढळली होती. तेव्हा हे आपल्याच घरी घडतंय असं मानून गप्प बसू नये. यावर करण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त ते क्रमाने करावं लागतं.

आधी कारण शोधू. एक आठवडाभर रोज सकाळी चहा घेताना वहीत तीन-चार ओळी लिहाव्यात: साधारण किती वाजता पडलो, जाग कशामुळे आली (घोरणं, लघवी, दुखणं, घाम, की विचार), आणि उपचाराचा कितवा दिवस होता. इथे हमखास होणारी चूक म्हणजे रात्रीच मोबाइल उघडून नोंद करणं आणि दर वेळी घड्याळ पाहणं. ‘तीन वाजले, आता दोनच तास उरले’ असा हिशेब सुरू झाला की उरलीसुरली झोपही उडते. वेळ अंदाजाने लिहिली तरी चालते.

आठवड्याभरात बहुधा एक गोष्ट लक्षात येते. केमोनंतरच्या पहिल्या दोन-तीन रात्री सगळ्यात वाईट जातात, आणि त्यामागे अनेकदा डेक्सामेथासोन असतं. हे स्टेरॉइड, म्हणजे शरीरातल्या नैसर्गिक संप्रेरकासारखं काम करणारं औषध. उलट्या आणि ॲलर्जी टाळण्यासाठी ते केमोबरोबर देतात. आपल्या शरीरात तसलं संप्रेरक पहाटे वाढतं आणि आपल्याला जागं करतं. गोळी रात्री घेतली तर शरीराला रात्रीच पहाट झाल्यासारखी वाटते.

चिठ्ठीवर ‘दिवसातून दोनदा’ लिहिलेलं असलं की आपण एक गोळी नाश्त्यानंतर आणि दुसरी जेवून रात्री नऊला घेतो. इथेच गडबड होते. ‘दुसरी गोळी दुपारी एक-दोनच्या सुमारास घेतली तर चालेल का?’ एवढंच डॉक्टरांना विचारावं. पुष्कळदा ते हो म्हणतात. मात्र आपल्या मनाने गोळी बंद करू नये. डोसेटॅक्सेलसारख्या केमोच्या औषधाच्या आदल्या दिवसापासून ती सुरू करण्यामागे कारण असतं.

औषधांची आणखी दोन-तीन कारणं बघून घ्यावीत. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडने काहींना आतून अशी अस्वस्थता येते की पाय एका जागी ठेवताच येत नाहीत. घरचे त्याला ‘टेन्शन’ म्हणतात, पण ते औषध बदलता येतं. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाबरोबर सलाइन भरपूर दिलेलं असतं, म्हणून रात्री सारखं उठावं लागतं. अशा वेळी पाणी कमी करू नये. दिवसाचं पाणी संध्याकाळच्या आत जास्त प्यावं. टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल या हार्मोनवरच्या गोळ्यांमुळे घामाच्या लाटा येत असतील तर दोघांत एक रजई न घेता आपलं पांघरूण वेगळं ठेवावं, सुती कपडे घालावेत आणि डॉक्टरांच्या कानावर घालावं.

यानंतर दिवसाकडे वळू. स्वित्झर्लंडमधल्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेली समजूत आजही उपयोगी आहे. झोप दोन गोष्टींवर चालते: जागेपणी हळूहळू साठत जाणारी झोपेची भूक, आणि उजेडावर लागणारं शरीराचं घड्याळ. केमोच्या थकव्याने आपण दिवसभर पडून राहतो आणि ती भूक दुपारीच भागते. दिल्लीत एम्सच्या ओपीडीसाठी नोएडाहून पहाटे पाचला निघालेल्या माणसाने परत आल्यावर आडवं होऊ नये असं कोण म्हणेल? जरूर पडावं. पण तीनच्या आत, आणि अर्ध्या तासाचा गजर लावून. सकाळी उठायची वेळ मात्र शक्यतो एकच ठेवावी आणि उठल्यावर उजेडात बसावं. नोव्हेंबर ते जानेवारीत दिल्लीची हवा वाईट असते, तेव्हा बाल्कनीऐवजी बंद खिडकीजवळ बसलं तरी चालतं.

रात्री वीसेक मिनिटं झोप आली नाही असं वाटलं तर पलंगावर तळमळत पडू नये. उठून खुर्चीत बसावं, मंद दिव्यात काहीतरी साधं करावं आणि डोळे जड झाले की परत यावं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेली ही रीत निद्रानाशाच्या उपचाराचा आजही भाग आहे. आपल्यासाठी तिच्यात एक फरक करावा लागतो. केमोत चक्कर येते, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी असू शकतात आणि पडणं महागात पडतं. म्हणून खुर्ची पलंगाला लागूनच ठेवावी, बाथरूमपर्यंत छोटा दिवा चालू ठेवावा, आणि फार अशक्तपणा असेल त्या रात्री नुसतं उशी टेकून बसावं.

आता घोरणं. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते, श्वासाची वाट अरुंद होते आणि पडजीभ व टाळूचा मऊ भाग हवेच्या झोताने थरथरतो. उताणं झोपलं, नाक चोंदलं किंवा दारू घेतली की ते वाढतं. अतिथकव्यानेही वाढतं, आणि हे घरात कुणी ध्यानात घेत नाही. जो नवरा ऑफिस, हॉस्पिटलच्या रांगा, औषधं आणि मुलांचा डबा सांभाळतोय, तो याच महिन्यांत जास्त घोरतो. त्याला त्याचा पत्ता नसतो, आणि तिला बोलायचा संकोच वाटतो: ‘माझ्यासाठी एवढं करतात, वर आणखी काय सांगू?’

म्हणून पुढची पायरी बोलण्याची. ते रात्री दोनला कोपराने ढोसून करू नये, संध्याकाळी करावं. ‘अहो, तुमची झोपही धड होत नाहीये आणि माझीही. दोघांसाठी काहीतरी करू या.’ आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवायचा असेल तर तो घरच्यांना हसायला नको, डॉक्टरांना दाखवायला असावा.

घरच्या घरी करता येतं ते आधी करू. कुशीवर झोपणं, पाठीमागे लोड किंवा गच्च उशी लावणं, डोक्याकडची बाजू थोडी उंच करणं, झोपण्यापूर्वी नाकात साध्या सलाइनचे थेंब घालणं, रात्रीची दारू बंद करणं. दिल्लीच्या थंडीत आणखी एक गोष्ट होते. उन्हाळाभर कूलर आणि पंख्याच्या आवाजात घोरणं बुडून जातं, आणि डिसेंबरात पंखा बंद झाला की तेच घोरणं दुप्पट वाटतं. मग एकसारखा, बारीक आवाज मुद्दाम चालू ठेवावा. भिंतीकडे तोंड केलेला टेबलफॅन चालतो. घरात एअर प्युरिफायर असेल तर त्याच्या घरघरीने हवा आणि झोप दोन्हींचं काम होतं. बंद खोलीत ऊब म्हणून कोळशाची अंगीठी मात्र कधीही ठेवू नये. तिच्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने झोपेतच जीव जातो.

कानात घालायचे फोमचे बोळे केमिस्टकडे मिळतात, पण बहुतेक जण ते नुसते कानाच्या तोंडाशी टेकवतात आणि मग ‘काही उपयोग नाही’ म्हणतात. हात धुवावेत. बोळा दोन बोटांत वळून बारीक करावा. दुसऱ्या हाताने कानाची पाळ वर आणि मागे ओढावी, बोळा आत सरकवावा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. पांढऱ्या पेशी कमी असताना जुना, मळका बोळा वापरू नये. कान दुखत किंवा वाहत असेल तर मुळीच घालू नये. सिस्प्लॅटिनने काहींच्या कानात गुणगुण सुरू होते आणि बोळ्यांनी ती जास्त जाणवते. अशी गुणगुण असेल तर डॉक्टरांना लगेच सांगावं.

एवढं करूनही भागलं नाही तर काही महिने वेगळ्या खोलीत झोपावं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकाने हॉलमधल्या दिवाणावर जावं. यात दुरावा नाही, हे सासूबाईंनाही आधीच सांगून टाकावं. अडचण वेगळीच असते: रात्री ताप आला तर कळणार कसं? उशाशी थर्मामीटर, पाणी आणि एक बिनतारी घंटी ठेवावी. घंटीचा वाजणारा भाग हॉलमध्ये असावा आणि ती झोपेतून उठवते का, हे पहिल्याच दिवशी तपासून घ्यावं. केमोत ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट ताप आला तर सकाळची वाट पाहायची नसते.

आता सर्वांत महत्त्वाचं. घोरता घोरता श्वास क्षणभर थांबतो का, मग धाप लागल्यासारखा हुंदका येतो का, दिवसा बसल्या जागी डुलक्या लागतात का, रक्तदाब आहे का, हे पाहावं. असेल तर ते स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडणं, असू शकतं. तोच माणूस आपल्याला पहाटे गाडी चालवत रोहिणीच्या कॅन्सर हॉस्पिटलला किंवा झज्जरच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटला नेत असतो. त्यामुळे ही तपासणी ‘तुझं बरं झाल्यावर बघू’ म्हणून पुढे ढकलू नये. एम्स, सफदरजंग आणि सर गंगाराम या हॉस्पिटलांमध्ये झोपेची तपासणी होते. आजार निघाला तर सीपॅप हे मुखवट्यातून हवेचा दाब देणारं यंत्र देतात. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये जगापुढे आणलं. ते लावल्यावर घोरणं थांबतं आणि उरतो तो हवेचा हलका सूं-सूं आवाज.

उलटही घडतं: पेशंटच घोरू लागतो. तोंड, घसा किंवा मानेच्या कर्करोगात, रेडिएशननंतर, श्वासाचा आवाज नव्याने सुरू झाला तर लगेच दाखवावं. जागेपणीही श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल तर थेट इमर्जन्सीत जावं.

झोपेच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात. शेजाऱ्यांच्या डब्यातली अल्प्राझोलाम घेऊ नये. मॉर्फिन किंवा ट्रामाडोल ही दुखण्यावरची औषधं चालू असताना अशी गोळी घेतली तर श्वास मंदावू शकतो. मेलाटोनिन, अश्वगंधा हीसुद्धा केमोच्या डॉक्टरांना विचारूनच.

बाहेरचा आवाज राहिला. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे. लग्नसराईत डीजे थांबला नाही तर ११२ वर फोन करावा. घरात कॅन्सरचा पेशंट आहे हे स्पष्ट सांगावं.

आणि विचार? ते रात्रीच येतात. संध्याकाळी सहाला पंधरा मिनिटं काढून काळज्या कागदावर लिहाव्यात, प्रत्येकीपुढे उद्या काय करायचं ते लिहावं. रात्री मराठीत कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र आणि विनामूल्य चालतो. भाषा निवडता येते आणि मराठीही आहे. दुखणं किंवा धाप झोपू देत नसेल तर कॅनसपोर्ट ही हरमाला गुप्ता यांनी १९९६ मध्ये दिल्लीत सुरू केलेली संस्था आहे. तिचे डॉक्टर आणि नर्स दिल्ली-एनसीआरमध्ये घरी येतात आणि पैसे घेत नाहीत.

पुढच्या ओपीडीला जाताना आठवड्याच्या नोंदींचा तो कागद फाइलमध्ये रक्ताच्या रिपोर्टच्याही वर लावावा. त्यावर तीनच प्रश्न असावेत: स्टेरॉइडची दुसरी गोळी दुपारी घेऊ का, झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी द्याल का, आणि यांच्या घोरण्याची तपासणी कुठे करू. डॉक्टरांच्या खोलीत शिरल्यावर कागद आधी त्यांच्या हातात द्यावा, मग बसावं.