प्रश्न गोळ्यांचा होता, चर्चा तिच्या चारित्र्याची झाली

पीसीओडी हा शब्द आता आपल्या घरांतही अनोळखी राहिलेला नाही. पाळी महिनोन्‌महिने येत नाही, आणि डॉक्टर त्यावर ज्या गोळ्या लिहून देतात त्या दुकानात गर्भनिरोधक म्हणूनच ओळखल्या जातात. अविवाहित मुलीसाठी ती चिठ्ठी काउंटरवर ठेवताना आईचा जीव कसा होतो, ते तिलाच ठाऊक.

अशाच आजाराच्या एका मुलीची हकीकत २३ फेब्रुवारी २०१२ रोजी वॉशिंग्टनमध्ये काही लोकप्रतिनिधींपुढे सांगितली गेली. सांगणारी होती सँड्रा फ्लूक, जॉर्जटाउन या कॅथलिक विद्यापीठात कायदा शिकणारी ३० वर्षांची विद्यार्थिनी. विद्यापीठाच्या आरोग्य विम्यात गर्भनिरोधक बसत नव्हते. आजारासाठी सवलत होती, पण विमा कंपनीला संशय, की मुलीला गोळ्या हव्यात त्या दुसऱ्याच कारणासाठी. मैत्रिणीला महिन्याला शंभराहून अधिक डॉलर परवडेनात. गोळ्या थांबल्या, टेनिसच्या चेंडूएवढी गाठ झाली आणि अंडाशय काढावे लागले.

याच्या आठवडाभर आधी संसदेच्या समितीत या विषयावर सुनावणी झाली होती. तिथे फ्लूक यांना बोलू दिले नव्हते. साक्षीदारांची पहिली फळी सगळी पुरुषांची होती. अध्यक्षांचे म्हणणे, विषय धर्मस्वातंत्र्याचा आहे. ओबामा सरकारच्या नव्या नियमाने विम्यात गर्भनिरोधक देणे बंधनकारक होणार होते, आणि श्रद्धेविरुद्ध आम्हाला यात ओढू नका, असे कॅथलिक संस्था सांगत होत्या. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या आपल्याला तर तो चटकन कळावा. एकीकडे श्रद्धा, दुसरीकडे मुलीची तब्येत. खरा पेच होता, शांतपणे बोलण्याचा होता.

२९ फेब्रुवारीला रश लिम्बॉ रेडिओवर बोलले. १९८८ पासून देशभर ऐकला जाणारा त्यांचा कार्यक्रम सुमारे ६०० केंद्रांवरून जाई. हिटलरच्या पक्षाचे नाव स्त्रीवाद्यांना चिकटवून केलेला शब्द त्यांनीच घरोघरी पोचवला होता. फ्लूक यांना त्यांनी जी दोन विशेषणे लावली, ती घरात सगळ्यांच्या हाती पडणाऱ्या मासिकात छापता येणार नाहीत. फ्लूक यांनी स्वतःच्या खासगी आयुष्याबद्दल अवाक्षर काढले नव्हते. विम्याचे हप्तेही विद्यार्थीच भरत होते. तरी लोकांच्या पैशावर मजा मारायची आहे, असा त्यांचा सूर. दुसऱ्या दिवशी त्यांनी याहून घाण भाष्य केले.

पुढे गदारोळ झाला. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी फ्लूक यांना फोन केला, अनेक जाहिरातदारांनी पाठ फिरवली. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी पत्र काढून विद्यार्थिनीची बाजू घेतली. मतभेद असूनही घेतली, हे मला फार मोलाचे वाटते. ३ मार्चला लिम्बॉंनी शब्दांबद्दल माफी मागितली. वर्तमानपत्रांना वाटले, ते हरले.

मला तसे वाटत नाही. त्या आठवड्यात फ्लूक चांगल्या की वाईट, माफी मनापासून की नाही, कोणत्या कंपनीने जाहिरात काढली, एवढेच लोक बोलत राहिले. अंडाशय गमावलेली मुलगी चर्चेतून गेली. कॅथलिक संस्थांचा प्रामाणिक प्रश्नही गेला. बाजू घेणाऱ्यांनाही आधी तिची अब्रू सांभाळावी लागली, मग मुद्दा मांडायला श्वास कुठे उरतो? २०२० मध्ये लिम्बॉंना राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याकडून देशाचा सर्वोच्च नागरी सन्मानही मिळाला.

सूरह नूरमध्ये पाकदामन स्त्रीवर आरोप करून चार साक्षीदार न आणणाऱ्याला ऐंशी फटक्यांची शिक्षा सांगितली आहे, हे आपल्याकडे पुष्कळांना पाठ असते. त्याच आयतीत पुढे आहे, की अशा माणसाची साक्ष नंतर कधीही स्वीकारू नका. हा भाग मात्र कोणी फारसा काढत नाही.

वडिलांच्या पश्चात बहीण आपला वाटा मागते तेव्हा बैठकीत काय होते, आठवून पाहा. हिस्सा कुरआनने ठरवून दिलेला आहे, तेव्हा त्यावर वाद घालता येत नाही. मग कोणीतरी विचारतो, ‘हे तुला कोणी शिकवलं? हल्ली फार बाहेर असतेस म्हणे.’ आणि जमिनीचा कागद गुंडाळून पुन्हा कपाटात जातो.