विंचवाचं बिऱ्हाड आणि पोटभर जेवण

“जाताय ते जा, पण तिकडे खाणार काय?” आमचा बेत ऐकल्यावर सासूबाईंचा हा पहिला प्रश्न. शेजारणींचाही तोच. भाडं किती, राहणार कुठे, हे कुणी विचारलंच नाही.

बेत असा होता. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी, आमचे हे आणि दहा वर्षांची लेक, तिघांनी पाठीवर पिशव्या टाकून सोळा दिवस थायलंड आणि मलेशिया हिंडायचं. सहल कंपनी नाही, मोठी हॉटेलं नाहीत. रेल्वे, बस आणि स्वस्तातल्या खोल्या. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. माझी दोन वर्षांची भिशी आणि ह्यांचा बोनस एवढंच आमचं भांडवल. विमानाची तिकिटं काढून उरलेल्या पैशांची मी वहीत वाटणी केली, तेव्हा खाण्यापिण्याला तिघांना मिळून दिवसाला ६०० बाट आले. तेव्हा एका बाटला साधारण अडीच रुपये पडत होते, म्हणजे दीड हजार रुपये झाले. घरी हा आकडा मोठा वाटतो. परक्या गावात, तिन्ही त्रिकाळ बाहेर खायचं म्हटलं की तो किती लहान आहे ते कळतं.

मिरजेची माणसं आम्ही, तेव्हा भडंग आलंच. शिवाय दशम्या, शेंगांची चटणी, शंकरपाळे आणि चिवडा. चार किलोंचं ओझं झालं. त्यात मी शाकाहारी. हे आणि लेक सगळं खातात, प्रश्न माझाच होता.

पहिले तीन दिवस बँकॉकला मी जे केलं ते, मैत्रिणींनो, तुम्ही मुळीच करू नका. पहिल्या रात्री दमून आलो आणि प्रवाशांच्या गजबजलेल्या गल्लीतल्या एका भारतीय खाणावळीत शिरलो. वरण, भात, एक भाजी, रोट्या. बिल आलं ६२० बाट! अख्ख्या दिवसाचे पैसे एका वेळच्या वरणभातात गेले. मग मी आपली नेहमीची युक्ती काढली. “तुम्ही दोघं खा, मला भूक नाही.” दुपारी दोन दशम्या, रात्री मूठभर भडंग. त्या दमट हवेत भडंगही मऊ पडलेलं. पण बचत झाली म्हणावी, तर तीही नाही. मधल्या वेळच्या भुकेला बिस्किटं, बटाट्याचे काप, थंड पेयं असं सुटं सुटं घेत गेलो आणि रोज रात्री वहीत बेरीज साडेआठशेच्या घरात!

चौथ्या दिवशी सकाळच्या रेल्वेने अयुथयाला गेलो. १७६७ मध्ये ब्रह्मी फौजांनी उद्ध्वस्त केलेली सयामची ही जुनी राजधानी. वात महाथात या पडक्या मंदिरात झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं मस्तक आहे, ते लेकीला दाखवायचं होतं. पाहून बाहेर पडलो. बाराचं ऊन, पोटात सकाळची अर्धी दशमी. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी रस्त्याकडेला मट्कन खाली बसले.

समोर भाताची एक गाडी होती. तिच्यावरच्या आजीबाईंनी मला धरून सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि काहीतरी विचारलं. मला कळेना. मग त्यांनी बोटं तोंडाकडे नेऊन पुन्हा विचारलं. मी मान हलवली तशी त्यांनी एका वाडग्यात भाताची ऊन ऊन पेज आणि खारवलेल्या मुळ्याचे चार तुकडे आणून ठेवले. अगदी आपल्याकडे आजाऱ्याला देतात तशी पेज. दहा मिनिटांत माणसात आले. पैसे द्यायला गेले तर त्या घेईनात. शेवटी ह्यांनी आणि लेकीने तिथेच जेवण घेतलं, तेव्हा कुठे आमचं मन राहिलं.

संध्याकाळी खोलीच्या मालकिणीला सांगितलं, तर ती हसून म्हणाली, “त्यांनी विचारलं असेल, गिन खाव रू यांग? म्हणजे भात खाल्लास का?” तिकडे ओळखीचं माणूस भेटलं की असंच विचारतात. आपण नाही का “जेवलात का?” म्हणत?

त्या रात्री लेक म्हणाली, “आई, तू घरीसुद्धा असंच करतेस. भाजी संपली की तुला भूक नसते.” मी काही बोलले नाही. पण वहीत त्या दिवसापासून नवा रकाना घातला, माझ्या ताटाचा. तिघांचं जेवण म्हणजे तीन ताटं. काटकसर करायची ती ताट कमी करून नव्हे, जागा आणि वेळ बदलून.

तशी स्वस्तात आशिया हिंडण्याची कल्पना काही आजची नाही. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे तरुण जोडपं १९७२ मध्ये लंडनहून निघून जमिनीच्या वाटेने आशिया ओलांडत ऑस्ट्रेलियाला पोचलं. त्या अनुभवावर त्यांनी सिडनीतल्या आपल्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ‘अक्रॉस एशिया ऑन द चीप’ हे पुस्तक तयार केलं. ते १९७३ मध्ये निघालं आणि त्यातूनच पुढे ‘लोनली प्लॅनेट’ ही प्रवासी पुस्तकांची मोठी संस्था उभी राहिली. मला त्यातला स्वयंपाकघरातल्या टेबलाचा भाग फार आवडतो.

आता आम्ही काय शिकलो ते सांगते.

थायलंडमध्ये ‘खाव गेंग’ची दुकानं असतात. खाव म्हणजे भात, गेंग म्हणजे रस्सा. काचेमागे दहा-पंधरा पातेली किंवा ट्रे मांडलेले असतात. बोटाने दाखवायचं, भातावर वाढून मिळतं. पदार्थ डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे भाषेचं अडत नाही. भातावर दोन भाज्या घेतल्या तर आम्हाला ताटाला ५० ते ६० बाट पडत. स्वयंपाक पहाटे होतो, म्हणून अकरा-बाराच्या सुमारास सगळं ताजं आणि भरपूर असतं. दुपार टळली की तळाशी उरलेलं. म्हणून आम्ही मोठं जेवण दुपारी करू लागलो आणि रात्री हलकं, बहुधा पेज किंवा शेवयांचं सूप. घरीही हे आपण करावंच, पण ते असो.

शाकाहारी बाईची खरी अडचण मांस ही नव्हे. मांस दिसतं. दिसत नाही तो मासळीचा रस, ‘नाम प्ला’. आपण मीठ घालतो तसा तो भाजीतसुद्धा पडतो. “मै साय नाम प्ला” म्हणजे मासळीचा रस घालू नका, हे मी पाठच केलं. तरी सर्वांत सोपी खूण म्हणजे पिवळी पाटी किंवा झेंडा आणि त्यावर इंग्रजी सतरा आकड्यासारखं दिसणारं लाल अक्षर. ते ‘जे’. या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, पण कांदा-लसूणही नाही! चिनी वंशाचे थाई लोक आपल्या नवरात्राच्या आसपास नऊ दिवस असं जेवण जेवतात. बाकी वर्षभरही अशी दुकानं सापडतात. टोफू, मशरूम, कोबी, भोपळा, आणि आपली नाळीची भाजी! पाण्याकाठी उगवणारी, पोकळ दांड्याची. तिकडे मोठ्या आचेवर मिनिटभर परततात, दांडा करकरीत राहतो. मी ती आपल्याकडे गिचका होईपर्यंत शिजवत होते.

बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेने दक्षिणेला, पादांग बेसार स्टेशनात सरहद्दीचे सोपस्कार, पुढे मलेशियाची गाडी आणि मग होडीने पेनांग बेटावरचं जॉर्ज टाउन. इथे तमिळ, चिनी आणि मलय अशी तिन्ही स्वयंपाकघरं शेजारी शेजारी. सकाळी रोटी चनाई, म्हणजे पदर सुटलेला मैद्याचा पराठा आणि वाटीभर पातळ डाळ. एक रोटी दोन रिंगिटच्या आत-बाहेर. रिंगिट तेव्हा १९ रुपयांच्या आसपास होता. दुपारी तमिळ खाणावळीत केळीच्या पानावर भात, तीन भाज्या, सांबार, रसम, आणि वाढपी पुन्हा वाढायला येतो. ‘सैवम’ म्हटलं की शाकाहारी. रात्री चिनी शाकाहारी दुकानात भाताभोवती हव्या त्या भाज्या घ्यायच्या, ताट पाहून किंमत सांगतात. फक्त नाळीची भाजी, जिला तिकडे कांकुंग म्हणतात, ती साध्या दुकानात विचारून घ्यावी. तीत बहुधा कोळंबीचं ‘बेलाचान’ असतं.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सूचना:

१. फराळ न्या, पण किलोभर. तो उशिरा पोचणाऱ्या गाडीसाठी आहे, जेवणाऐवजी नाही.

२. अनारसे नेताना जपा. सिंगापूरला आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास मनाई आहे. विमान तिथे थांबणार असेल तरी बरोबर ठेवू नका.

३. जिथे गर्दी आहे, बायका-मुलं जेवताहेत आणि पातेल्यातून वाफ येते आहे, तिथे बसा. रिकाम्या दुकानात निवलेलं अन्न स्वस्त मिळालं तरी नको.

४. पाण्याची प्रत्येकाची बाटली घरून न्या. खोलीच्या जागी गाळलेलं पाणी मिळतं का ते आधी विचारा आणि निघताना भरून घ्या. आमच्या वहीतला सर्वांत मोठा वाया खर्च थंड पेयांचा होता.

५. फळं गाडीवरून, पण सालीची. केळी, संत्री, रांबुतान. कापून ठेवलेली फळं मुलांना देऊ नका.

६. मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं पर्समध्ये असू द्या.

७. व्हिएतनामला जाणार असाल तर ‘चाय’ हा शब्द लक्षात ठेवा. तो चहा नव्हे, शाकाहारी. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले अनेक बौद्ध चाय जेवण घेतात.

परत आल्यावर वहीची बेरीज केली. पहिले चार दिवस, ज्यात मी अर्धपोटी होते, ३४०० बाट. पुढचे बारा दिवस, ज्यात तिघंही पोटभर जेवलो, रिंगिटचे बाट करून ६०००. ठरवलेल्या ९६०० मधले २०० बाट उरले.

सासूबाईंना हा हिशेब वाचून दाखवला. त्यांनी नाळीची भाजी कशी केलीस, एवढंच विचारलं. त्या पन्नास वर्षं सगळ्यांचं झाल्यावर जेवत आल्या आहेत. परवा भाजी परतली आणि आम्ही दोघींनी पहिल्यांदा गरम गरम खाल्ली. ह्यांना आणि लेकीला दुसरा घाणा करून दिला.