डोंगराळ देश बघायचाय? मग अकोल्याला चला!

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला कंटाळा आला तर ऐका.

आमच्या ऑफिसमध्ये सुट्ट्यांचा विषय निघाला की भूतान, नेपाळ, जॉर्जिया अशी नावं हमखास येतात. कारण सगळ्यांचं एकच: डोंगर, जुनी मंदिरं आणि "तिथली संस्कृती". जरूर जा. पण मी नगर जिल्ह्यातला, श्रीरामपूरकडचा. 2024 साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी बोलताना अजून 'नगर'च तोंडात येतं. नगर म्हटलं की लोकांना ऊस, दुष्काळ आणि शिर्डी आठवते. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आहे, हे सांगितलं की समोरचा मोबाइल काढून खात्री करतो! तर आज अकोले तालुक्याबद्दल. विदर्भातलं अकोला नाही हं, आपलं नगरचं अकोले. आणि माझा मुद्दा एवढाच आहे की इथला निसर्ग, वारसा आणि संस्कृती या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच दगडाने आणि एकाच पाण्याने त्या बांधलेल्या आहेत.

आधी दगड

साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. त्यातून आपला काळा बेसाल्ट तयार झाला. काही थर कडक, काही ठिसूळ. ठिसूळ थर लवकर झिजतात, कडक थर कड्यासारखे उभे राहतात. म्हणून सह्याद्री लांबून पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो. 1646 मीटरचं कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, साम्रदची सांधण दरी, सगळं याच दगडाचं.

आपल्याकडे 'देश' म्हणजे घाटावरचा भाग. हा देश नेमका कुठे संपतो ते बघायचं असेल तर हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जा. कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, नागाच्या फण्यासारखा. पोटावर झोपून, काठाच्या मागेच राहून खाली बघायचं. जवळपास हजार मीटर खाली कोकण!

याच कड्यावर इंद्रवज्र दिसतं, म्हणजे गोल इंद्रधनुष्य. कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1835 साली छापून आलेल्या लेखात त्याची नोंद केली आहे. कारण सोपं आहे. सूर्य तुमच्या पाठीमागे हवा आणि समोर, खाली, धुकं हवं. धुक्याचे थेंब प्रकाश उलट फेकतात आणि तुमच्या सावलीभोवती रंगीत कडी उमटतात. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे हा योग सकाळी. गंमत म्हणजे शेजारी उभ्या मित्राला त्याच्या स्वतःच्या डोक्याभोवतीचं कडं दिसतं, तुमचं नाही.

त्याच दगडातली देवळं

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर भूमिज शैलीतलं आहे. म्हणजे शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी, खालून वर लहान होत जाणाऱ्या. अंबरनाथचं किंवा सिन्नरचं गोंदेश्वर बघितलं असेल तर ओळख लगेच पटेल. शेजारी पुष्करणी आहे, तिच्या भिंतीत देवकोष्ठं. पावसाळ्यात ती पाण्याने भरते.

हरिश्चंद्रगडावर तर मंदिर, लेणी आणि पाण्याची टाकी असा पूर्ण संच आहे. केदारेश्वराच्या गुहेत भलंमोठं शिवलिंग आहे आणि भोवती कमरेएवढं गार पाणी. चार खांबांपैकी एकच उभा आहे. लोक म्हणतात, चार खांब म्हणजे चार युगं, शेवटचा पडला की कलियुग संपलं. चांगदेवांनी याच गडावर तप केलं आणि 'तत्त्वसार' लिहिला असं मानतात. माझ्यातला इंजिनिअर मात्र टाक्यांपाशी रेंगाळतो. बेसाल्टमध्ये पाणी फारसं मुरत नाही, म्हणून डोंगरमाथ्यावर पाणी टिकवायचं तर दगड कोरून साठवायचं. किती सरळ उत्तर!

आता पाणी

नगर शहरात वर्षाला साधारण पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर घाटघर-रतनवाडीकडे काही हजार मिलिमीटर. जिल्हा एकच! अरबी समुद्राकडून येणारे ढग डोंगराला धडकून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. पलीकडे आम्हाला उरलंसुरलं.

प्रवरा रतनगडावर उगम पावते आणि नेवाशाजवळ प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. तिला अमृतवाहिनी म्हणतात. लोककथेत समुद्रमंथनाच्या अमृताची गोष्ट रतनगडापासून नेवाशाच्या मोहिनीराजापर्यंत पोचते, आणि वाटेत राहूमुळे राहुरी हे नाव. गोष्टीचा रस्ता आणि नदीचा रस्ता जवळपास एकच आहे, बघा. त्याच नेवाशात 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली.

या नदीवर ब्रिटिशांनी 1910 ते 1926 या काळात भंडारदऱ्याचं धरण बांधलं. आम्ही मोठे झालो ते "आवर्तन कधी सुटणार?" हा प्रश्न ऐकत. आवर्तन म्हणजे कालव्याला ठरावीक दिवसांसाठी सोडलेलं धरणाचं पाणी. त्यावर संगमनेरपासून श्रीरामपूरपर्यंत ऊस उभा राहिला, कारखाने उभे राहिले. आणि जिथे तो पाऊस पडतो तिथल्या कित्येक वाड्यांमध्ये एप्रिल-मे महिन्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात. उतार तीव्र, दगडात पाणी ठरत नाही, धरणाचं पाणी खाली आमच्याकडे. तलावाचा फोटो काढताना हे माहीत असावं, असं मला वाटतं.

माणसं

हा मुलूख महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे आणि 1848 साली ठाण्यात फाशी गेलेले राघोजी भांगरे इथल्याच देवगावचे. भात, नाचणी, वरई ही पिकं आणि जंगलातला हिरडा हा रोकड पैसा. इथली डांगी गाय बघा: कातडी तेलकट, म्हणून मुसळधार पावसातही टिकते. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली. 'प्राचीन वारसा' म्हटलं की आपण फक्त देवळं मोजतो. मूठभर वरईचं बी जपणं हाही वारसाच आहे की.

आणि काजवे

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा ही झाडं लखलखतात. काजवा उजेड पाडतो तो जोडीदारासाठी. नर चमकून विचारतो, मादी चमकून उत्तर देते. प्रौढ काजव्याचं आयुष्य काही आठवड्यांचं, त्यात हा एकच निरोप पोचवायचा असतो. आपण गाडीचे हेडलाइट आणि मोबाइलचा टॉर्च लावला की तो निरोपच दिसत नाही. जोड्या कमी, अंडी कमी, पुढच्या वर्षी काजवे कमी. शनिवारी रात्री तिथे गाड्यांची जी रांग लागते, तिचा हिशोब इतका सरळ आहे.

जायचं तर असं

पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर. मुंबईहून घोटी, बारी. हरिश्चंद्रगडाला पहिल्यांदा जात असाल तर पाचनईची वाट. सांधण दरीत पावसाळ्यात अजिबात नको, अचानक पाणी येतं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, म्हणून वनखात्याचे नियम आधी विचारून घ्या. काजवे बघायला आठवड्याच्या मधल्या वारी जा, गाडी लांब उभी करा, अंधारात उभे राहा. डोळे हळूहळू सरावतात. गावातल्याच घरी जेवा, गावातलाच वाटाड्या घ्या, पैसे तिथेच राहू द्या. बाटली, वेफर्सची पाकिटं परत आणा. आणि यजमानांच्या घरी पाणी जपून वापरा. मे महिन्यात ते कुणीतरी डोक्यावरून आणलेलं असू शकतं.

तुमच्याकडच्या डोंगराची अशी गोष्ट असेल तर नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर, काळजी घ्या!