विश्लेषण : सरकारी दवाखान्याचा दर्जा कोण ठरवतो? शिरूर-दौंडच्या रुग्णाला त्याचा उपयोग काय?

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर गुणवत्तेचे प्रमाणपत्र लागते, फुलांच्या माळा चढतात, छायाचित्र छापून येते. त्याच केंद्रातून रात्री दोन वाजता बाळंतीण पुढच्या रुग्णालयात पाठवली जाते, तेव्हा ते प्रमाणपत्र तिच्या किती कामाला येते? आरोग्यसेवेचा दर्जा म्हणजे काय, तो कोण मोजतो आणि शिरूर व दौंडसारख्या तालुक्यांत तो टिकवण्यासाठी कोणाकोणाला एकत्र यावे लागते, याचा हा आढावा.

दर्जाची मानके कोणती?

सरकारी आरोग्य संस्थांसाठी दोन वेगवेगळी मापे आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पहिले माप भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांचे. कोणत्या संस्थेत किती माणसे, किती खाटा, कोणती यंत्रे आणि औषधे हवीत हे ती सांगतात. २००७ मध्ये आलेली ही मानके २०१२ आणि २०२२ मध्ये सुधारली गेली. सपाट भागात ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र, हा हिशेब त्यातलाच.

दुसरे माप राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकांचे. ती २०१३ पासून लागू झाली. दवाखान्यात काय आहे यापेक्षा तिथे काम कसे चालते, हे ती तपासतात. सेवांची उपलब्धता, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, पूरक सेवा, प्रत्यक्ष उपचार, संसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि परिणाम असे त्यांचे आठ भाग आहेत. यांच्या जोडीला स्वच्छतेसाठी २०१५ पासून ‘कायाकल्प’ आणि प्रसूतिगृहांसाठी २०१७ पासून ‘लक्ष्य’ हे उपक्रम आहेत.

गुण कसे दिले जातात?

तपासणी करणारा प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण देतो. माहिती मिळवण्याचे चार मार्ग ठरलेले आहेत : प्रत्यक्ष पाहणी, कर्मचाऱ्यांशी बोलणे, नोंदवह्या तपासणे आणि रुग्णांशी बोलणे. आधी संस्थेने स्वतःची तपासणी करायची, मग जिल्हा, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय पातळीवरचे परीक्षक येतात. एकूण किमान ७० टक्के गुण मिळाले आणि इतर अटीही पूर्ण झाल्या, की प्रमाणपत्र मिळते. त्याची मुदत तीन वर्षे असते.

‘कायाकल्प’मध्ये आणखी एक उपयोगी रीत आहे. एका संस्थेचे कर्मचारी दुसऱ्या संस्थेची तपासणी करतात. रक्ताने माखलेला बोळा पिवळ्या पिशवीत, सलाइनची नळी लाल पिशवीत, सुई टोचणार नाही अशा पांढऱ्या डब्यात आणि काच निळ्या डब्यात, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण तो मोडतो कुठे, हे रोज तेच काम करणाऱ्या शेजारच्या परिचारिकेला चटकन दिसते.

मग अडते कुठे?

शिरूर आणि दौंडचा नकाशा पाहिला की अडचण कळते. २०११ च्या जनगणनेनुसार शिरूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८५ हजार, तर दौंडची सुमारे ३ लाख ८० हजार होती. ३० हजारांच्या मापाने प्रत्येक तालुक्याला बारा-तेरा प्राथमिक आरोग्य केंद्रे लागतात. पण हे माप गावात राहणाऱ्यांचे आहे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत कामाला आलेले परप्रांतीय, भाड्याच्या खोल्यांतली कुटुंबे, साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या फडात उतरलेल्या टोळ्या आणि वीटभट्टीवरचे मजूर या हिशेबात पुरते येत नाहीत. शिवाय शिरूरला लागून पारनेर आणि श्रीगोंदा, तर दौंडला लागून श्रीगोंदा आहे. घोड आणि भीमेपलीकडच्या माणसाला जवळचा दवाखाना अलीकडच्या काठावर असला, तर तो जिल्ह्याची हद्द पाहत बसत नाही.

दुसरी अडचण कारभाराची. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. तिथे तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी लक्ष घालतात. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. पुण्याचे ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे. टाकळी हाजी किंवा रावणगावसारख्या टोकाच्या गावातली गुंतागुंतीची बाळंतीण प्राथमिक केंद्रातून तालुक्याच्या रुग्णालयात आणि तिथून ससूनला गेली, तर एका रात्रीत ती तीन वेगवेगळ्या विभागांच्या दारात उभी राहते.

या प्रत्येक दाराचे गुण स्वतंत्रपणे मोजले जातात. रुग्णाला पुढे पाठवण्याची पद्धत मानकांत आहे, पण ती त्या-त्या संस्थेच्या कागदांवरून तपासली जाते. चिठ्ठीवर आधी दिलेल्या औषधांची नोंद होती का, पुढच्या रुग्णालयाला फोन गेला होता का, रुग्णवाहिका किती वेळात आली, हे सगळे सलग पाहणारे एकच माणूस असते : रुग्णासोबत गेलेला नातेवाईक किंवा आशाताई. त्यांना कोणी विचारले नाही, तर दर्जाचा हा भाग कुठेच नोंदला जात नाही.

एकत्र येण्याची जागा कोणती?

त्यासाठी नवी समिती काढण्याची गरज नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल २००५ मध्ये सुरू झाले, त्याच्या रचनेतच अशा जागा ठेवलेल्या आहेत. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्यात ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी, आशा, अंगणवाडी सेविका आणि गावकरी बसतात, आणि तिच्यासाठी वर्षाला १० हजार रुपयांच्या अबंधित निधीची तरतूद आहे. आरोग्य केंद्र आणि रुग्णालयाच्या पातळीवर रुग्ण कल्याण समिती असते. गुणवत्तेसाठी जिल्हा गुणवत्ता हमी समिती असते.

अडचण अशी, की या समित्या एकमेकींचे कागद पाहत नाहीत. गुणवत्तेच्या तपासणीत कुठे शून्य मिळाले, हे रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांना कळत नाही. निधी कशावर खर्च करायचा हे ठरवताना मग रंगरंगोटी पुढे येते आणि प्रसूतिकक्षातला बंद पडलेला वॉर्मर मागे राहतो. उलट, गावच्या बैठकीत निघालेली तक्रार परीक्षकाच्या वहीपर्यंत पोहोचत नाही.

पुणे जिल्ह्याचा अनुभव काय सांगतो?

लोकांनी आरोग्यसेवेवर देखरेख ठेवण्याचा प्रयोग पुणे जिल्ह्याला नवा नाही. २००७ मध्ये देशातल्या नऊ राज्यांत लोकाधारित देखरेख प्रक्रिया सुरू झाली. महाराष्ट्रात त्यासाठी पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे पाच जिल्हे निवडले गेले. राज्य पातळीवर समन्वयाचे काम पुण्यातील ‘साथी’ या संस्थेकडे होते, तर पुरंदर तालुक्यात महिला सर्वांगीण उत्कर्ष मंडळ म्हणजे ‘मासूम’सारखी संघटना काम करत होती.

पद्धत साधी होती. गावकरी ठरलेल्या प्रश्नावलीने आपल्या भागातील सेवा तपासत : परिचारिका गावात येते का, लसीकरण वेळेवर होते का, औषध केंद्रातून मिळते की बाहेरची चिठ्ठी हातात पडते, पैसे मागितले जातात का. उत्तरांवरून प्रगतिपत्रक तयार होई. चांगल्या सेवेला हिरवा, बऱ्याला पिवळा आणि वाईटाला लाल रंग. ते आरोग्य केंद्रात लावले जाई आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर लोक आपले अनुभव मांडत. पहिल्या फेरीत गावपातळीवरील ४८ टक्के सेवांना ‘चांगले’ असा शेरा होता. दुसऱ्या फेरीत ते प्रमाण ६१ टक्के आणि तिसऱ्या फेरीत ६६ टक्के झाले.

जनसुनवाई म्हणजे डॉक्टरांना धारेवर धरण्याचा कार्यक्रम, अशी भीती कर्मचाऱ्यांना वाटणे साहजिक आहे. पण डॉक्टरचे पद रिकामे असणे, निवासस्थान गळके असणे, औषधांचा साठा न येणे या कर्मचाऱ्यांच्याच अडचणी अशा बैठकांतून वर पोहोचू शकतात. मर्यादाही इथेच आहे. पदभरती किंवा औषधखरेदी तालुक्याच्या हाती नाही. औषधखरेदीसाठी राज्याने २०२३ मध्ये कायद्याने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केले आहे. गावच्या बैठकीत त्यावर निर्णय होऊ शकत नाही; पण कोणते औषध किती दिवस नव्हते, याची तारखेनिशी नोंद तिथेच होऊ शकते.

कंपन्या आणि खासगी रुग्णालयांची भूमिका काय?

कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक उलाढाल, मालमत्ता किंवा नफा असलेल्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. औद्योगिक वसाहतींच्या शेजारच्या दवाखान्यांना यातून यंत्रे मिळू शकतात. मात्र यंत्र देणे सोपे आणि ते चालू ठेवणे अवघड. देखभालीचा करार, त्याला लागणारे साहित्य आणि ते चालवणारा तंत्रज्ञ यांचा हिशेब आधी झाला नाही, तर यंत्र कापडाखाली जाते. म्हणून देणगीची यादी कंपनीच्या कार्यालयात न ठरता तपासणी अहवालातल्या त्रुटींवरून ठरायला हवी.

खासगी रुग्णालयांनाही नियम आहेत. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या सुधारणांनुसार रुग्ण हक्कांची सनद आणि १५ प्रकारच्या सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. रुग्णांच्या तक्रारींसाठी टोल फ्री क्रमांकासह तक्रार निवारण कक्षाची तरतूदही त्यात आहे. तालुक्यातील रुग्णांचा मोठा ओघ खासगीकडे असताना दर्जाची चर्चा सरकारी दवाखान्यापुरती ठेवून भागणार नाही.

नागरिकांनी काय विचारायचे?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. प्रसूती, औषधे, आहार आणि वाहतूक मोफत देणारा जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून लागू आहे. त्यामुळे फुकट मिळते त्याबद्दल काय बोलायचे, हा संकोच सोडायला हवा.

ग्रामसभेत किंवा रुग्ण कल्याण समितीच्या सदस्याला चार प्रश्न विचारता येतील. आपल्या केंद्राची शेवटची तपासणी कधी झाली आणि कोणत्या मुद्द्यांना शून्य गुण मिळाले? त्यांपैकी किती त्रुटी आपल्या निधीतून दूर होण्यासारख्या आहेत? गेल्या तीन महिन्यांत किती रुग्ण पुढे पाठवले आणि ते कुठे व किती वेळात पोहोचले? त्यांच्यापैकी किती जणांशी नंतर कोणी बोलले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दवाखान्याच्या कपाटात असतात. शेवटच्या दोहोंसाठी जिल्हा परिषदेचे केंद्र, तालुक्याचे रुग्णालय, रुग्णवाहिकेची यंत्रणा आणि आशाताई यांना एका टेबलाशी बसावे लागेल. शिरूर आणि दौंडमध्ये अशी बैठक महिन्यातून एकदा झाली, तरी प्रमाणपत्रावरच्या गुणांना अर्थ येईल.