बालीत पाणी कुठलं प्यायचं?

बालीला निघण्याआधी माझ्या गटाची पुण्यात बैठक होते. व्हिसा, पैसे, कपडे यांवर बोलून झालं की हा प्रश्न येतोच. नळाचं पाणी तिथे पिऊ नये, हे खरं. पण आपण प्रवासी मागे जे प्लास्टिक ठेवून येतो, त्याची सुरुवात बहुतेक वेळा याच भीतीतून होते.

हिशेब साधा आहे. बसमध्ये माणशी रोज अर्धा लिटरच्या दोन बाटल्या, तीस जणांचा गट, आठ दिवस. म्हणजे 480 बाटल्या, आणि हॉटेलच्या खोलीत रोज ठेवतात त्या वेगळ्या. बाली-इंडोनेशियातल्या घरांत मात्र 19 लिटरचा जार असतो. ‘गालोन’ म्हणतात त्याला. रिकामा द्यायचा, भरलेला घ्यायचा. म्हणून सहल ठरतानाच मी तिथल्या एजंटला लिहून कळवते की बसमध्ये गालोन हवा, बाटल्यांचे खोके नकोत. पोचल्यावर सांगून उपयोग नसतो, तोवर खोके बसमध्ये चढलेले असतात. हॉटेललाही तसंच आधी कळवायचं. एकट्यादुकट्याने जाणाऱ्यांना पाणी भरून देणारी ठिकाणं ‘रिफिल माय बॉटल’ या नकाशावर सापडतात. स्टीलची बाटली विमानतळावर तपासणीतून रिकामी न्या आणि पुढे गेल्यावर भरून घ्या.

आपण कचरापेटीत टाकलं की काम झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यांना मी सुवुंगबद्दल सांगते. देनपसारजवळचा हा कचरा डेपो ऑक्टोबर 2023मध्ये पेटला आणि कित्येक दिवस धुमसत राहिला. जे डेपोपर्यंत पोचत नाही ते नदीनाल्यांत जातं. पावसाळ्यात, साधारण डिसेंबर ते मार्च, नद्या ते समुद्रात ओततात आणि पश्चिमेचे वारे कुता, लेगियान, जिंबारानच्या किनाऱ्यांवर परत आणून टाकतात. 2017च्या डिसेंबरात हा कचरा इतका वाढला की किनाऱ्याच्या सहाएक किलोमीटरच्या पट्ट्यात आणीबाणी जाहीर करावी लागली आणि रोज शंभरेक टन कचरा उचलावा लागला. तो सगळा पर्यटकांचा नसतो. बराचसा गावांतून आलेला, काही जावाकडून वाहत आलेला. पण जिथली व्यवस्था आधीच थकली आहे, तिथे पाहुण्याने भर घालू नये असं मला मनापासून वाटतं.

बालीचे लोक स्वस्थ बसलेले नाहीत. मेलाती आणि इसाबेल विजसेन या बहिणींनी 2013मध्ये पिशव्यांविरुद्ध मोहीम सुरू केली, तेव्हा एक 12 वर्षांची होती, दुसरी 10. गव्हर्नर वायन कोस्टर यांच्या आदेशाने 2019पासून प्लास्टिकच्या पिशव्या, स्ट्रॉ आणि थर्माकोल यांवर बंदी आली. एप्रिल 2025मध्ये त्यांनी एक लिटरहून लहान पाण्याच्या बाटल्यांविरुद्धही आदेश काढला. ‘सुंगाई वॉच’ ही संस्था नद्यांमध्ये अडथळे बांधून वाहता कचरा अडवते. हे सगळं चाललेलं असताना आपल्या हातात छोटी बाटली दिसावी, याचं मला वाईट वाटतं.

आपल्या लोकांच्या सामानात खाऊ असतोच, आणि तो न्यावाच. फक्त चिवडा, चकल्या, चटण्या पाकिटांतून काढून घरूनच डब्यांत भरा, म्हणजे पाकिटं मागे पुण्यातच राहतील. खाऊ संपला की तेच डबे उपयोगी पडतात. वारुंगमधून, म्हणजे तिथल्या छोट्या खाणावळीतून, भात-भाजी बांधून घ्यायची तर डबा पुढे करायचा. एक काकू हे इतकं सहज करतात की दुकानदारीणही आता त्यांचा डबा आपणहून मागते. शहाळं घेताना ‘तानपा सेदोतान’, म्हणजे स्ट्रॉ नको, एवढं सांगितलं तरी पुरतं. शाम्पूच्या पुड्यांऐवजी साबणाची वडी न्या. ती सांडतही नाही.

बाटल्या वाचवून विमानाचा धूर भरून निघत नाही, हेही मी गटाला स्पष्ट सांगते. एवढ्या लांबच्या उड्डाणाचा भार फार मोठा असतो. म्हणूनच चार दिवसांत बाली ‘करून’ येण्याच्या सहली मी घेत नाही. एकदाच जायचं, आठ-दहा दिवस राहायचं. उबुदला मुक्काम करून भाताची खाचरं पायी फिरायची आणि रोज हॉटेल बदलायचं नाही. गटातल्या काहींना सुरुवातीला ठिकाणं कमी वाटतात. तिसऱ्या दिवशी त्यांतलेच लोक सकाळी बाजारात एकटे फिरायला निघतात, हातात कापडी पिशवी घेऊन.