करंट वाढवला की जोड पक्का? वेल्डिंग मशीनविषयीचे काही गैरसमज

ग्रिल-गेट बनवणाऱ्या दुकानात खिडकीची जाळी असो की शेडचा खांब, मशीनचा नॉब बहुतेक वेळा एकाच जागी असतो. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनला करंट कमी-जास्त करण्यापलीकडे फारसं काही नव्हतंच. त्यामुळे ही सवय खपून गेली. आताच्या इन्व्हर्टर मशीनवर मात्र हॉट स्टार्ट, आर्क फोर्स, व्हीआरडी अशी बटणं आणि मोड निवडायचा स्विच असतो. ती बटणं कशासाठी आहेत हे कुणी समजावून सांगत नाही, मग ऐकीव गोष्टींवरच काम चालतं.

सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज म्हणजे करंट जितका जास्त, तितका जोड मजबूत. करंट आधी ठरतो तो रॉडच्या जाडीवर. नेहमीच्या 6013 रॉडला 2.5 मिमी जाडीत साधारण 60 ते 90 अँपिअर लागतात आणि 3.15 मिमी जाडीत 90 ते 130. नेमके आकडे रॉडच्या पाकिटावर छापलेले असतात. त्यांच्या वर गेलात की रॉड अर्ध्यावर येईतो लालबुंद होतो, त्याचं कोटिंग आधीच जळतं, ठिणग्यांचे दाणे प्लेटला चिकटतात आणि बीडच्या कडेने मूळ धातूत चर पडतो. याला अंडरकट म्हणतात. तिथे प्लेट पातळ झालेली असते आणि हादरे बसणाऱ्या कामात तडा तिथून सुरू होण्याचा धोका असतो. उलट करंट कमी पडला तर रॉड सारखा चिकटतो आणि बीड दोरीसारखी वर उंच बसते. माल भरपूर दिसतो, पण तो धातूत मुरलेलाच नसतो. करंट जमला असेल तर बीडच्या दोन्ही कडा प्लेटमध्ये सफाईने मिसळतात आणि खपली हलक्या ठोक्यात सुटते. उभ्या जोडाला सपाट जोडापेक्षा करंट थोडा कमीच ठेवावा लागतो. म्हणून प्रत्येक कामाआधी त्याच जाडीच्या भंगार तुकड्यावर एक बीड मारून बघणं मला अत्यावश्यक वाटतं.

स्टिक मोडमध्ये, म्हणजे रॉडने वेल्डिंग करताना, व्होल्टेजचा नॉब शोधू नका. मशीन करंट धरून ठेवतं, व्होल्टेज वेल्डरच्या हातात असतं. रॉड कामापासून जितका लांब, तितकं ते वाढतं. आर्कची लांबी रॉडच्या आतल्या तारेच्या जाडीएवढी असावी. मिग मोडमध्ये मात्र व्होल्टेज नॉबने लावायचं असतं आणि वायरचा वेग वाढवला की करंट वाढतो.

अँटी-स्टिक असलं की रॉड चिकटत नाही, असं दुकानदारही सांगतात. ते खरं नाही. रॉड चिकटल्यावर हे बटण करंट झटकन खाली आणतं, म्हणजे रॉड न तापता ओढून काढता येतो. चिकटू नये म्हणून उपयोगी पडतो तो हॉट स्टार्ट. आर्क लागताना तो क्षणभर जादा करंट देतो. जाड प्लेटवर हे बरं, पण दीड मिमीच्या चौकोनी पाइपला तोच भोक पाडतो. आर्क फोर्सचंही तसंच. रॉड फार जवळ जाऊन व्होल्टेज पडलं की तो तेवढ्यापुरता करंट वाढवतो. 7018 रॉडने उभा जोड मारताना तो वाढवावा, पातळ पत्र्यावर कमीत कमी ठेवावा. कायम फुल ठेवण्याचं हे बटणच नाही.

होल्डर प्लसला लावा की मायनसला, फरक पडत नाही, हा समज 6013 मुळे टिकून आहे, कारण तो दोन्हीकडे चालतो. 7018 ला सहसा होल्डर प्लसला लागतो. टिगची टॉर्च मायनसला लावायची असते. ती प्लसला लावली तर टंगस्टनचं टोक वितळून त्याचा गोळा होतो.

जॉबला लावायच्या क्लॅम्पला सगळे ‘अर्थिंग’ म्हणतात, पण तो करंट मशीनकडे परत आणणारा रस्ता आहे. मशीनच्या बॉडीचं अर्थिंग वेगळं. क्लॅम्प जॉबवरच, जोडाच्या जवळ, गंज घासून लावायचा. दूर कुठेतरी सळईला अडकवला तर करंट बेअरिंग, साखळी किंवा वायरिंगमधली अर्थची तार असा मिळेल तो रस्ता धरतो आणि ते जाळतो.

‘200 अँपिअरचं मशीन’ दिवसभर 200 वर चालतं असंही नाही. प्लेटवर 200 ला 60 टक्के ड्यूटी सायकल लिहिलेली असेल, तर दर 10 मिनिटांत 6 मिनिटं वेल्डिंग आणि 4 मिनिटं विश्रांती. सलग चालवायचं तर साधारण 155 अँपिअरपर्यंत. हे आकडे 40 अंश तापमान धरून दिलेले असतात. विदर्भातल्या मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, विश्रांती याहून जास्त द्यावी लागेल.

शेवटचं बटण व्हीआरडी. ते चालू असलं की आर्क लागायला किंचित वेळ लागतो, म्हणून अनेक जण ते बंद करून टाकतात. आर्क लागलेला नसताना होल्डरवर साधारण 60 ते 80 व्होल्ट असतात. व्हीआरडी ते बरंच खाली आणतं. कोरड्या जागी, कोरडे हातमोजे घालून हा धोका जाणवत नाही. पण घामाने भिजलेला वेल्डर लोखंडी टाकीच्या आत बसून रॉड बदलत असेल, किंवा पावसाळ्यात ओल्या स्लॅबवर उभा असेल, तर एवढे व्होल्ट जीव घेऊ शकतात. वर्कशॉपच्या मालकांना माझी विनंती आहे: बाकीची बटणं वेल्डरला कामाप्रमाणे लावू द्या, पण व्हीआरडी कुणालाही बंद करू देऊ नका.